दादा आणि त्यांची म्हातारी

आमच्या त्या प्रवासाबद्दल लोक अजून विचारतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. "तुम्ही म्हणे बसमध्ये घर करून फिरला होतात? काय मजा आली असेल!" मी हो म्हणते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर मजा फारशी आली नव्हती. दमणूक झाली होती. अकरा दिवसांत माझी कंबर धरली, कपड्यांना लागलेला डिझेलचा वास महिनाभर गेला नाही, आणि जिथं जायचं म्हणून निघालो होतो तिथं आम्ही पोचलोच नाही. पण त्या अकरा दिवसांत मला माझे सासरे कळले. त्याआधी चौदा वर्षं एका घरात राहूनही ते मला फारसे कळले नव्हते.

त्यांना सगळेच दादा म्हणायचे. मूळचे सायखेड्याचे, शेतकरी घरातले. भावांत धाकटे, शेत थोडं, म्हणून तरुणपणीच नाशिकला आले आणि अंबडच्या एका कंपनीत स्टाफच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. ते रिटायर होईपर्यंत त्याच कामावर. कामगारांना घराजवळून उचलायचं, कंपनीच्या गेटात सोडायचं, सुटलेल्या शिफ्टला घरी न्यायचं. पंचवटी, द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, अंबड. आणि मग तेच उलट. तीस वर्षं.

अंगाने बेताचे, पण खांदे रुंद. बोलणं कमी, आणि तेही गावाकडचं. शहरात इतकी वर्षं काढूनही त्यांनी ते बदललं नव्हतं. गाडीचं दार कुणी आपटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, जणू त्यांच्याच पाठीत कुणी धपाटा घातला. हॉर्न वाजवायचे नाहीत. "हॉर्न म्हंजी वरडनं. वरडायला काय, कुनीबी वरडतं." आणि निघण्याआधी डोकी मोजायची सवय. कंपनीतली. आम्ही पाच माणसं लग्नाला रिक्षाने निघालो तरी दादा बोट नाचवत मोठ्याने मोजणार, "येक, दोन, तीन, चार आन मी." लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं. नंतर नंतर कंटाळा यायला लागला.

ते रिटायर झाले त्याच वर्षी कंपनीने नव्या बस घेतल्या. दादांची जुनी मिनीबस भंगारात निघाली. कामगार तिला 'म्हातारी' म्हणायचे. दादांनी घरात कुणाला न विचारता ती घेतली आणि एका दुपारी घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभी केली. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढं ठेवत एवढंच म्हणाल्या, "येक म्हातारी घरात व्हती ती पुरली नाय का?"

पुढची दोन वर्षं दादा त्या बसमध्येच होते म्हटलं तरी चालेल. सीटा काढल्या. प्लायवूडचे चार बाक केले, रात्री त्यांचे पलंग व्हायचे. टपावर पाण्याची टाकी बसवली, मागं ओटा, ओट्याखाली शेगडी आणि सिलिंडर, खिडक्यांना डासांच्या जाळ्या. आरटीओत इतके हेलपाटे घातले की तिथला चहावाला त्यांना ओळखायला लागला. कॉलनीतले लोक येता-जाता थांबून बघायचे आणि हसायचे. माझे विद्यार्थी त्याच कॉलनीत राहायचे. मी शाळेतून येताना मान खाली घालून पुढं जायची.

एकदा मी विचारलंच, "दादा, एवढं कुठं जायचंय?"

"कन्याकुमारीला."

"देवीला?"

"देवी हाय ना, बरंच हाय. पन म्या रस्त्यासाठी चाललो." ते स्क्रू पिळत होते. मान वर न करता म्हणाले, "तीस वर्सं ह्या रस्त्यानं गेलो आन त्याच रस्त्यानं माघारी आलो. रस्ता सरतो कसा, ते येकदा बघायचं."

 मी कपडे वाळत घालायला गेले.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. दादा, आई, माझा नवरा संदीप, आमची दहा वर्षांची रेवा आणि मी. संदीपने वर्षभराच्या रजा साठवल्या होत्या, आणि त्या अशा खर्ची पडणार म्हणून तो निघतानाच वैतागलेला होता. मी सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे बरोबर घेतले होते. गाडी सिन्नरच्या पुढं गेली तेव्हा मला कळलं की हलत्या गाडीत पेपर तपासता येत नाहीत, उलटी होते.

म्हातारी चाळीसच्या पुढं जायची नाही. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्यासुद्धा आम्हाला मागं टाकतात की काय असं वाटायचं. आणि रोज दुपारी साडेचार वाजले की दादा पेट्रोल पंप नाहीतर धाबा बघून गाडी उभी करायचे. अजून लख्ख ऊन असायचं. संदीप म्हणायचा, "दादा, अजून तीन तास सहज जाऊ."

"म्हातारीला दमवायचं नाय," दादा म्हणायचे आणि किल्ली काढून खिशात टाकायचे.

निपाणीच्या अलीकडं रेडिएटरचा पाइप फुटला. वाफेचा लोट आला तसे आम्ही सगळे घाबरून खाली उतरलो. दादा शांत. इंजिन गार होईपर्यंत तासभर ते बॉनेटशेजारी मांडी घालून बसून राहिले, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. संदीप फोनवर मेकॅनिक शोधत फेऱ्या मारत होता. शेवटी दादांनी सीटखालून जुन्या ट्यूबचा तुकडा काढला, पाइपला गुंडाळला, तारेने आवळला आणि शेजारच्या वस्तीवरून पाणी आणून भरलं. ती पट्टी शेवटपर्यंत टिकली.

पण त्या प्रवासात मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल तर आईंच्या बडबडीचा. घरात दिवसभरात दहा वाक्यं न बोलणाऱ्या आई, गाडीत दादांच्या मागच्या बाकावर बसल्या की थांबायच्याच नाहीत. "बाई बाई, डावीकडं केवढी म्हैस चाललीये. आन ते पोरगं बघा सायकलवर, उजव्या अंगानं. आता टेम्पो आला." सकाळपासून दुपारपर्यंत हेच. मी डोक्याला ओढणी गुंडाळून पडून राहायची. एकदा न राहवून म्हणाले, "आई, दादांना दिसतंय की." त्या गप्प झाल्या. दोन मिनिटांनी पुन्हा, "अगं, शेळ्या बघ किती, डावीकडं."

गोकर्णला समुद्र पाहिला. रेवा पाण्यात पळाली. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बराच वेळ उभे होते. मी विचारलं, "कसा वाटला?"

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "येकसारखा. कुढं अडकत नाय."

दुसऱ्या दिवशी होन्नावरच्या पुढं ते घडलं.

आईंना सकाळपासून ताप होता. त्या मागच्या बाकावर पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. संदीप आणि रेवा मध्ये पत्ते खेळत होते. मी पुढं दादांच्या शेजारी बसले होते. अकराचा सुमार, रस्ता सरळ, ऊन स्वच्छ. डाव्या कडेने एक बाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चालली होती. मला ती खूप लांबून दिसत होती. ती रस्ता ओलांडायला आत वळली, आणि दादा काही गाडी हळू करेनात. मला वाटलं आता करतील, आता करतील. मग मी किंचाळले, "दादा! बाई!"

ब्रेक लागला. भांडी सगळी पुढं आली. भारा रस्त्यावर विखुरला होता आणि ती बाई बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. तिला काही झालं नव्हतं. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. दादांनी स्टिअरिंग धरलेल्या हातांवर डोकं टेकवलं आणि हळूच विचारलं, "कुढून आली ती?"

मी खाली उतरून तिला लाकडं गोळा करून दिली. मोळी मात्र तिनेच बांधली. परत येऊन बसले तेव्हा मला एकेक आठवायला लागलं. रेवा बाजूने पाण्याची बाटली पुढं करायची आणि दादा घ्यायचेच नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना ऐकू कमी येतंय.

पुढच्या पंपावर त्यांनी गाडी घेतली. संदीप आईंसाठी गोळ्या आणायला गेला, रेवाही त्याच्याबरोबर गेली. मी विचारलं, "दादा, तुम्हाला बाजूचं दिसत नाही ना?"

ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "काचबिंदू हाय. दीड वरीस झालं. समोरचं दिसतं. बाजूचं पार गेलं. नळीतून बघावं तसं. आन ऊन उतरलं की समोरचंबी जातं."

"आणि तुम्ही आम्हाला घेऊन निघालात?"

"डॉक्टर म्हनला, गेलेलं माघारी येत नाय. मंग म्हनलं, हाय तोवर जाऊन यावं." मग माझ्याकडे वळून, अगदी पूर्ण मान वळवून, कारण तशीच मी त्यांना दिसणार होते, ते म्हणाले, "संद्याला सांगू नको, मनीषा. पाच दिसांचा रस्ता राहिला. हळू नेतो."

चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. संदीप गोळ्या घेऊन आला तेव्हा मी रेवाला आईंजवळ बसवलं आणि त्याला पंपामागं नेऊन सगळं सांगितलं. आजही कधी कधी वाटतं, वेगळ्या शब्दांत सांगायला हवं होतं. सांगायलाच नको होतं, असं मात्र कधी वाटलं नाही.

संदीप बापासमोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "माझी पोरगी होती गाडीत! तुम्हाला कळतं का काही?"

"कळतं," दादा म्हणाले.

"मग?"

 उत्तर आलं ते आईंकडून. तापाने लाल झालेल्या, बाकावरून उठून दाराशी आल्या होत्या. "त्यांला काय बोलतो? मला बोल. मला ठाऊक व्हतं."

 त्या पायरीवर बसल्या. "रोज सांगत व्हते ना मी, कोन कुढून येतंय ते. आजच झोप लागली मला." आणि त्या रडायला लागल्या.

म्हणजे नाशिकपासून तिथपर्यंत ती गाडी दोघांनी मिळून चालवली होती. समोरचं ते बघत होते आणि दोन्ही बाजूंचं आई. मी तिला बडबड म्हणत होते.

संदीपचं म्हणणं, बस इथंच टाकून रेल्वेने घरी जाऊ. ते बरोबरही होतं. पण दादा टायरपाशी उकिडवे बसले होते आणि त्यांचा हात टायरवर होता. मला ते बघवेना. आमची जुनी छोटी कार मी शाळेत नेत असे, एवढाच माझा सराव. मी म्हणाले, "मी चालवते. पुढं नाही, घरी."

संदीपने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला चारचाकी येत नव्हती. का येत नव्हती हे मला आईंनी लग्नानंतर सांगितलं होतं. तो एकोणीस वर्षांचा असताना दादा त्याला कंपनीच्या मैदानावर शिकवायला घेऊन गेले होते. दोनदा गाडी बंद पडली. चार कामगार बघत उभे होते. दादांनी त्याचा हात स्टिअरिंगवरून काढला आणि म्हणाले, "उतर." एवढंच. त्यानंतर संदीपने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि दादांनीही पुन्हा लाव म्हटलं नाही.

परतीचे चार दिवस मी चालवत होते आणि दादा शेजारी. मी थकून जायची. संध्याकाळी उतरले की पाय जमिनीवर नीट पडायचे नाहीत. पण एक सांगते, ते माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. रस्ता त्यांना अर्धामुर्धाच दिसत होता, पण इंजिन ऐकू येत होतं. "आता तिसरा टाक. घाई नाय. क्लच पुरता दाब. हां." कन्याकुमारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

अंकोल्याहून यल्लापूरकडे जाताना घाट लागतो. ऐन चढात गाडी बंद पडली आणि फूटभर मागं सरकली. मागं ट्रकांची रांग. हॉर्नवर हॉर्न. मला रडू फुटलं.

"हँडब्रेक वढ," दादा म्हणाले. "वढला? आता पानी पी."

"दादा, मागं लाइन लागलीये."

"लागू दे. त्यांलाबी दम खाऊ दे."

मी पाणी प्यायले. मग त्यांनी सांगितलं तसं केलं आणि गाडी वर चढली. घाट संपला तेव्हा मी म्हणाले, म्हणायला नको होतं पण थकल्यावर माणूस बोलून जातो, "संदीपला असंच शिकवलं असतंत तर?"

 ते म्हणाले, "तवा मला घाई व्हती. शिफ्ट सुटायची वेळ झालेली. पाच मिनटं उशीर झाला असता, दुसरं काय?" थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "पाच मिनटं."

मागं आईंच्या जागेवर संदीप बसला होता. त्याने ते ऐकलं. आरशात मला दिसत होतं, तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर दादांचे डॉक्टर झाले, थेंब झाले, एक ऑपरेशनही झालं. उपयोग फारसा नव्हता. बस प्लॉटवर उभी राहिली. दर आठवड्याला ते ती धुवायचे, आधी बघून, नंतर नंतर हाताने चाचपून. वर्ष-दीड वर्षाने, जेव्हा त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं, तेव्हा ते एका सकाळी आपण होऊन म्हणाले, "इकून टाका. उभी राहून सडंल."

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले, झोपेतच. त्याचं मला फार काही आठवत नाही. घरात माणसं होती, मी चहा करत होते. दादा म्हटलं की मला बस गेली तो दिवस दिसतो.

मखमलाबादकडचा एक फुलं-भाजीवाला शेतकरी ती न्यायला आला होता. बाक काढून त्यात क्रेट रचणार, मार्केटला माल नेणार. दादांनी त्याला बसभोवती फिरवून एकूण एक दुखणं सांगितलं. इथं गंजलीये, ही खिडकी पावसात गळते, दुसरा गिअर सकाळी रुसतो. इतकं सांगितलं की तो माणूस बिचकला. मी मध्ये पडून म्हणाले, "दादा, बास." ते म्हणाले, "त्यानं बिचाऱ्यानं कुढं तरी वाटंत अडकायचं का?"

गाडी प्लॉटवरून रिव्हर्सनेच काढावी लागायची, आणि आमची गल्ली सरळ मोठ्या रस्त्यावर निघते. सकाळची वेळ, कंपन्यांची वर्दळ. शेतकरी इंजिन सुरू करून आरशात बघत बसला होता, त्याचं धाडस होईना. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. दादा कधी भिंतीला हात लावत गल्लीच्या तोंडाशी गेले ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बघते तर ते रस्त्याच्या मधोमध उभे, उजवा हात वर केलेला.

एक रिक्षा करकचून थांबली. तिच्यामागं दुचाक्या, मग कंपनीची एक बस. त्यातलं एकही वाहन दादांना दिसत नव्हतं.

"येऊ दे," ते ओरडले. कधी न ओरडणारे दादा. "येऊ दे, येऊ दे... डावी मार... आजून... बास. आता सरळ."

सगळं आवाजावर. म्हातारी अलगद रस्त्यावर आली, वळली, आणि गेली. दादांचा हात मात्र वरच राहिला. ते तिचा आवाज ऐकत होते की हात खाली घ्यायचं विसरले होते, कोण जाणे. एकदोघांनी हॉर्न वाजवले. रेवा त्यांना आणायला निघणार तेवढ्यात संदीप पुढं झाला. तो रस्त्यात गेला, दुसऱ्या बाजूने येणाऱ्यांना स्वतःचा हात दाखवून थांबवलं आणि दादांच्या शेजारी उभा राहिला.

"नीट वळली का?" दादांनी विचारलं.

"वळली, दादा," संदीप म्हणाला, आणि त्यांचा वर केलेला हात खाली घेऊन त्याने तो आपल्या हातात धरला.